हातगुणाचा नंबर

चंद्रपुरात एका हाडांच्या दवाखान्यात मी संगणकावर नंबर भरते. शिक्षण आठवी. गावातली शाळा आठवीपर्यंतच होती, पुढची नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात आमची नदी कोणाला विचारून येत नाही. म्हणून सुटली. हे आधीच सांगून टाकते, कारण कोणी मला मॅडम म्हटलं की मी अजून खुर्चीच्या काठावर सरकते. वाटतं, आता विचारतील किती शिकल्या, आणि मग ही खुर्ची जाईल.

खुर्ची मला आपांनी दिली. आपा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या बाई. चंद्रपूरच्याच, घरात सगळे कापडाच्या दुकानात, या एकट्या नोकरीत. माझ्या घरचे, म्हणजे माझा नवरा, घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातात, खोली तिथेच, आणि मी रोज बसनं चंद्रपूरला येऊन दवाखान्याची फरशी पुसायची. पुसता पुसता आपांच्या टेबलाजवळ आले की माझं पोतेरं जरा हळू व्हायचं. संगणकाच्या पडद्यावर हिरव्या-निळ्या रांगा असायच्या, त्या मी वाचायचा प्रयत्न करायची. एक दिवस त्या वर न बघताच म्हणाल्या, "फर्श तो कब की चमक गयी. अब देख क्या रही है, बैठ." मी हात पुसून काठावर बसले. तेव्हापासून बसलेलीच आहे. या बाईचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही.

काम असं असतं. प्रत्येक दुखण्याला एक नंबर असतो. डॉक्टर कागदावर दुखणं लिहितात, आपा त्यांच्या जाड पुस्तकातून नंबर काढून बाजूला लिहितात, आणि मी तो संगणकात टाकते. पुढे विम्याच्या कंपनीला माणूस दिसत नाही, नंबर दिसतो. आधी एक इंग्रजी अक्षर. एस असेल तर मार लागलेला. एम असेल तर हाडामांसात मुरलेलं दुखणं. मग आकडे: कोणतं दुखणं, अंगाचा कोणता भाग, आणि आमच्या संगणकात अगदी शेवटी उजवा की डावा. सुरुवातीला मला फार भ्यायला व्हायचं. शून्य आणि ओ सारखेच दिसायचे. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवायची, भरून झालं की परत ठेवायची.

"आपा, शेवटचा आकडा चुकला तर त्या माणसाचा चांगला हात कापतील का?"

"काटेगा कौन? कंपनी? कंपनी सिर्फ पैसा काटती है." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, डॉक्टर माणसाला बघून कापतो, नंबरला बघून नाही. खा डबा."

त्या नंबरांतला एक होता एम एकसष्ट. क्वचितच यायचा. आपांनीच सांगितलं होतं: मांसाला मार लागतो, आत रक्त साकळतं, आणि शरीर गोंधळून तिथे हाड बनवायला लागतं. जिथे हाड नको तिथे हाड. मला ते ऐकून कसंतरी झालं होतं, आणि मग जेवणाची सुट्टी झाली आणि मी विसरले. दुसऱ्याचा नंबर माणूस विसरतोच.

माझी माय कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागलेल्या गावात राहते. वडील मी लहान असतानाच गेले. इथून जायचं तर चांदा फोर्टहून वडशापर्यंत रेल्वे, तिथून बस, आणि बसच्या पुढे जे मिळेल ते. दिवस जातो. म्हणून लग्नानंतर माझं जाणं सणावारापुरतं उरलं.

माय गावात मालिश करते. करायची. बाळंतीण असो, तिचं लेकरू असो, कोणाची कंबर धरलेली, कोणाचा पाय मुरगळलेला, सगळे तिच्याकडे. आमच्याकडे म्हणतात, अमकीच्या हाताला गुण आहे. मायच्या बाबतीत तर लोक तेवढंही म्हणत नसत, नुसतं "हातगुणाच्या बाईकडे जा" म्हटलं की नवखा माणूसही आमच्या दारात येऊन उभा राहायचा. मोहाच्या बिया घाण्यावर नेऊन ती तेल काढून आणायची, टोळीचं तेल म्हणतात त्याला, आणि वर्षभर ते चुलीजवळच्या कोनाड्यात असायचं. मोबदला कधी मागितला नाही. कोणी सुपात तांदूळ आणून द्यायचं, कोणी बाळाच्या बारशाला पहिल्या रांगेत बसवायचं. तिला ते दुसरंच जास्त आवडायचं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला दिवस राहिले नव्हते. राहिले तेव्हा सगळ्यात आधी तिला फोन केला. ती रडली नाही, हसली नाही. म्हणाली, "आयक. लेकराले दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नोको. पयली मालिश माहीच. गावाचे सारे पोट्टे माह्या हाताखालून गेले, आता माहा सोताचा नातू."

"नात असली तर?"

"तिले का हातपाय नसते का?"

त्या दिवसापासून आम्हा दोघींचं एकच चाललं होतं. ती कधी येणार, तेल किती आणणार, जुन्या लुगड्याच्या बाळोत्या कोण शिवणार. मला घाबरायची सवय आहे, पण या एका गोष्टीची मला भीती नव्हती. माय येणार होती. तिचे हात येणार होते.

मोह वेचायच्या दिवसांत तिच्या हाताला लागलं. जळणाची मोळी डोक्यावरून उतरवताना एक ओंडका सुटला आणि उजव्या पंजावर आला, अंगठ्याच्या बुडाशी जी मऊ गादी असते तिच्यावर. फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "जरासाक लागलं, बरं हाय." आणि हात सुजला तेव्हा तिनं तेच केलं जे ती गावाला करत आली होती. तेल गरम केलं, डाव्या अंगठ्यानं दाबून दाबून चोळलं. गादी कडक व्हायला लागली. तिला वाटलं रक्ताची गाठ आहे, आणखी दाबलं की फुटेल. आणखी दाबलं.

आषाढात ती आली. गावात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू व्हायचा होता, बांध्यांत बायांची गरज होती, तरी सगळं टाकून आली. चांदा फोर्टला मी उतरवून घ्यायला गेले. गाडीतून तिनं पिशवी डाव्या हातानं खाली दिली, आणि पिशवीत तेलाची बाटली आहे, आडवी करू नको, हे आधी सांगितलं. उजवा हात पदराखाली. ऑटोत तसाच. खोलीवर आल्यावर मी भाताचं ताट पुढे ठेवलं आणि ती चार बोटांनी भात ओढून खायला लागली, तेव्हा मी तो हात धरला.

अंगठा हलत नव्हता. गादीच्या आत आंब्याची कोय पुरावी तसं काहीतरी होतं.

"माय, हे काय आहे?"

"गाठ हाय. जाते ते. येवढं काऊन पाहून राह्यली, जेवू दे."

रात्रभर माझ्या डोक्यात एकच रोग होता, ज्याचं नाव मी घेत नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रांग बाजूला ठेवून तिला आत घेतलं. त्यांना काही गरज नव्हती तसं करायची. फोटो काढला. फोटोत अंगठ्याच्या हाडाशेजारी, जिथे काळं असायला हवं तिथे, एक पांढरा ढग होता.

डॉक्टर नागपूरचे, बोलायला मऊ. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, मार लागल्यावर काय केलं तुम्ही?"

"काय करतो साहेब, मालिश केली."

"रोज?"

"रोजच का. येक दिस नाई सोडला." ती सरळ होऊन बसली. "शेक बी देल्ला. माहं कामच हाय ते. गावात कोणालेबी इचारा, माह्या हाताले गुण हाय मनतात."

डॉक्टरांनी तिचा पंजा आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "त्यानंच झालं हो मावशी. ठेचलेल्या मांसाला विश्रांती द्यायची असते. त्याला जोरात चोळलं की आत पुन्हा पुन्हा इजा होते, आणि मग शरीर तिथे हाड तयार करतं. ही गाठ नाहीये, हे हाड आहे."

माय माझ्याकडे वळली. "काय मनून राह्यले हे?"

डॉक्टरांची मराठी काही अवघड नव्हती. तिला सगळं समजलं होतं. तिला ते माझ्या तोंडून वेगळं ऐकायचं होतं. पण माझ्याजवळ वेगळं काही नव्हतं. "चोळल्यानं मांसाचं हाड झालं म्हणतात, माय."

"चोळल्यानं त मोकळं होते."

"कधी कधी होतं," डॉक्टर म्हणाले. "मार ताजा असला की नाही होत."

ऑपरेशन आता करता येत नाही म्हणाले. हाड पिकू द्यावं लागतं, कच्चं काढलं की परत वाढतं. पिकल्यावर काढलं तरी येणार नाहीच असं नाही. सध्या तेल नाही, शेक नाही, ओढाताण नाही. हात गप ठेवायचा. अंगठा कदाचित थोडा सुटेल, कदाचित नाही.

"आन नातवाले?" मायनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "बाळाचं वेगळं असतं मावशी. हलक्या हातानं तेल लावायचं, त्यानं काही होत नाही. डाव्या हातानं लावा. तुम्हालाच जमेल ते."

माय उठली.

ऑफिसात आपांनी तिला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं, पाणी दिलं. कागद त्यांच्यापुढे आला होता. त्यांनी नंबर लिहून माझ्याकडे सरकवला. एम एकसष्ट, पॉइंट, शून्य, चार, एक. शून्य म्हणजे मार लागून झालेलं, चार म्हणजे हात, एक म्हणजे उजवा. वर मायचं नाव. मी बोट ठेवून भरलं, आणि परत पहिल्या आकड्यापासून बोट ठेवत गेले.

"अम्मा, लगा कैसे?" आपांनी विचारलं. दुखणं कशामुळे झालं, त्याचाही वेगळा नंबर असतो.

मी म्हटलं, "ओंडका पडला."

"ते नाई," माय म्हणाली. "चोळल्यानं झालं, ते लिव."

आपांनी पुस्तक चाळल्यासारखं केलं. "उसका नंबर तो मुझे नहीं दिखा अम्मा. लकडी गिरी, उसका है."

"काऊन नाई? बैल मारते त्याचा हाय?"

"है."

"साप चावते त्याचा?"

"है अम्मा. झाड से गिरे, उसका भी है. कुएँ में गिरे, उसका भी."

"मंग मालिशचा काऊन नाई?"

आपा हसल्या, प्रेमानंच. "किसी ने सोचा नहीं होगा, कि अपने ही हाथ की मालिश से आदमी को लगता है."

माय हसली नाही. तिनं पदर नीट केला, आणि जरा वेळानं विचारलं, "आन समजा पोट्टा हाय. झाडावरून पडला. कोपर सुजला. मंग तो कोपर कोणी चोळला. त्याचा नंबर काय?"

आपांना ती कोणाबद्दल विचारते आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमच्याच गल्लीतला एक पोरगा होता, माझ्याहून थोडा लहान. जांभळाच्या झाडावरून पडला. त्याची आई रोवण्याला जायची, बाप नव्हता, तेव्हा मायनंच त्याला उचलून आणलं. कितीतरी दिवस सकाळी त्याला मांडीवर घेऊन ती कोपर चोळायची. तो ओरडायचा, ती गाणं म्हणायची आणि चोळायची. सूज उतरली. हात मात्र लाकडासारखा सरळ राहिला, कोपरात वाकेचना. गाव म्हणालं, हातगुणाची बाई होती म्हणून हात तरी राहिला, नाहीतर तोडावा लागला असता. त्याची आई मरेपर्यंत तेच म्हणायची. तो मोठा झाला, शेती करतो, मोटरसायकलही कशीबशी चालवतो. पण सरळ हात तोंडाशी पोचत नाही, म्हणून तो डाव्या हातानं जेवतो. लग्नाच्या पंगतीत आपणहून टोकाला बसतो. बायका टोमणे मारतात, आणि सगळ्यात मोठा आवाज मायचाच असायचा: "अरे डेबऱ्या, अन्न हाय ते, उजव्या हाताची लाज त ठेव." तो हसायचा. ती दटावायची आणि वरून आणखी वाढायची.

आपा म्हणाल्या, "उसका भी यही, अम्मा. एम इकसठ. सिर्फ जगह का आकडा बदलेगा. हाथ का चार है, कोहनी ऊपर के बाजू में गिनते हैं, उसका दो. बाकी वही."

"बाकी तोच?"

"बाकी तोच," आपा मराठीत म्हणाल्या, तिला नीट कळावं म्हणून.

माझं बोट त्या चारावर होतं.

त्या दिवशी घुग्घुसच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर ट्रकांची धूळ होती, बघण्यासारखं काही नव्हतं. खोलीवर आल्यावर तिनं पिशवीतली तेलाची बाटली काढली आणि पाण्याच्या माठामागे ठेवून दिली. पुढच्या दिवसांत ती मधेच काम थांबवून विचारायची. "वरच्या टोलीवरची ती पोरगी, लंगडते ना, ते जलमाचं व्हय ना? तू त होती तवा."

"जन्माचंच, माय."

"तुले काय माईत. तू पाळण्यात होती."

मग दुसरं नाव. दुसरा पाय, दुसरी मान. मी प्रत्येक वेळी नाही म्हणायची, आणि मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारू का म्हटलं, की बाकीच्यांचं तसं काही नसतं म्हणून? तर म्हणाली, "त्याईनं काय माहे हात पायले होते का?" त्या माणसानं तिच्या हाताबद्दल एक वाईट गोष्ट सांगितली, ती तिनं लगेच मानली. चांगली सांगितली असती तर मानली नसती.

श्रावणात मला मुलगी झाली. माझी माय आजी झाली, आणि तिनं एका डाव्या हातानं काय केलं नाही. भात शिजवला, धुणं धुतलं, मला डिंकाचे लाडू वळून दिले, वेडेवाकडे. माझं डोकं बांधून दिलं, गाठ दातानं ओढून. पण लेकराला तेल लावायची वेळ झाली की ती तांदूळ निवडायला घ्यायची.

"माय, डॉक्टर म्हणाले बाळाचं वेगळं असतं."

"हो."

"मग ये ना."

"तूच लाव. मी हाव इथी."

मी पाय लांब करून मुलीला पायांवर घेतलं. मला येत नव्हतं. माझे हात पोतेऱ्याचे आणि आता बटणांचे. लहानपणी इतक्यांदा बघूनही मला आठवेना की आधी छाती की आधी पाय. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती, सूप मांडीवर. तिनं वळून बघितलं नाही. पण मुलीच्या रडण्यावरून तिला सगळं कळत होतं.

"दाबू नोको. तेलच फिरू दे."

"फिरवते."

"फिरवत नाई तू, घासून राह्यली. भांडं हाय का ते?"

मला हसू आलं. वाटलं, आता उठेल, आता मला बाजूला सारेल. ती नाही उठली.

एकदा मुलीला टॉवेलात गुंडाळून मी तिच्याजवळ ठेवलं, आणि पाण्याला उठले. मुलीनं पाय झाडला, तो मायच्या मांडीला लागला. माय सरकली. चुलीतून ठिणगी उडाल्यावर माणूस सरकतं, तशी. मग तिला मी बघते आहे हे कळलं, आणि ती सुपातल्या तांदळावर फुंकर मारत राहिली. त्यात कोंडा उरलाच नव्हता.

आपा मुलीला बघायला आल्या. झबलं आणलं, शेवयांची खीर आणली. खीर खाता खाता सहज म्हणाल्या, "अम्मा, आप जाने से पहले मेरी कमर भी चोळ दो. तुम्हारी बेटी ने इतनी तारीफ की है." माय भांडी घेऊन बाहेर मोरीवर गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. आपा माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मी त्यांना त्या पोराच्या कोपराचं सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"या अल्ला. और मैंने उस दिन बाकी वही, बाकी वही..."

"नंबर तर तोच आहे ना, आपा."

"है तो वही," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी खीर खाल्ली नाही.

दसऱ्याच्या आधी माय गावाला गेली. जाण्यापूर्वी डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. हाड पिकत आलं होतं, ढगाला आता कडा होती. अंगठा तळहाताकडे वळून तसाच बसला होता. काढायचं का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राहू द्या. मी आणि घरच्यांनी फार समजावलं. ती एवढंच म्हणाली, "त्या पोट्ट्याचं कोणी काढलं का?" गाडीत बसताना तिनं मुलीच्या डोक्यावरून डावा हात फिरवला, टेकवला नाही, वरून फिरवला. तेल माठामागेच ठेवून गेली.

गावात तिनं सांगितलं, माझा हात मेला. लोकांना वाटलं, ओंडक्यानं.

दसऱ्याला आमच्याकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, मोठ्यांच्या पाया पडतात. तो पोरगा, आता बाप्या माणूस, दरवर्षी आमच्या दारात सगळ्यात आधी येतो. मला हे माहीत होतं, म्हणून मी संध्याकाळी फोन करायला घाबरत होते. तिचाच आला.

"तो आलता," ती म्हणाली.

"मग?"

"मी त्याले बसवलं. मनलं, बाबू, आयक. तुहा कोपर झाडानं नाई बिघडवला. मी बिघडवला."

मुलगी माझ्या मांडीवर होती. मी तिला घट्ट धरलं. "काय म्हणाला तो?"

"काई नाई. सोनं हातात धरून तसाच बसला होता. मंग मनते, काकी, मले माईत हाय."

"काय माहीत आहे?"

"पोलिसाच्या भरतीले गेलता ना तो, तुह्या लग्नाच्या आंदी. थितल्या डॉक्टरनं पायलं. इचारलं मने, कोणी चोळला व्हता का रे लहानपणी. तवाच त्याले समजलं." तिचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. "तवापासून माईत हाय त्याले. आन तो दरसाली येते. पाया पडते. मी त्याले पंगतीत डेबऱ्या मनतो, साऱ्या गावासमोर, आन तो हासते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी मनलं, काऊन नाई सांगतलं रे बाबू. तर मनते, तुमी मले मांडीवर घेऊन बसत होते काकी. दुसरं कोण घेत होतं." ती थांबली. "त्यानं मले शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. मी त आयकाले बसली होती."

"माय."

"मंग मी त्याले जेवू घातलं. वडे केले होते. त्यानं ताट घेतलं आन भिंतीकडे तोंड करून बसला, मी बोलीन मनून. मी मनलं, इकडं पाय. मनलं, मी भरवतो तुले. उज्या हातानं भाताचा घास घेतला, त अंगठा लागेचना. सारा भात खाली. दोनदा घेतला. त्याचा हात तोंडाले पोचत नाई आन माह्या हातात घास रायत नाई."

"मग?"

"मंग काय. डाव्या हातानं देल्ला. त्यानं खाल्ला."

तिकडे कोणीतरी दारात सोनं घेऊन आलं असावं, बायकांचे आवाज आले. माय त्यांना म्हणाली, या, बसा, पोरीचा फोन हाय. मग परत माझ्याशी, हळू: "तेल लावलं का आज तिले?"

"लावलं."

"दाबत त नाई ना?"

"नाही, माय."

"नोको दाबू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.